बारा फंडांच्या पोटात

माझा नवरा ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायला गेला आणि रांगेतच गेला. हातात नंबरची चिठ्ठी होती. पॅरामेडिक त्याला स्ट्रेचरवर ठेवत होते तेव्हाच काउंटरवरच्या बाईने तो नंबर पुकारला. हे मला नंतर तिनेच सांगितलं, डोळे पुसत, माफी मागत. मी म्हटलं, असू दे, चाळीस मिनिटं थांबला होता, नंबर लागला एवढं तरी झालं. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. राजारामला हे वाक्य आवडलं असतं, पण पुढच्या पार्टीत त्याने ते स्वतःचं म्हणून खपवलं असतं.

हे २०२४ च्या ऑक्टोबरातलं. शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूपासून चार ब्लॉक उत्तरेला आमचं घर आहे. तिथे आता मी एकटी राहते. मी नीलांबरी, वय बासष्ट, चोवीस वर्षं एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करून निवृत्त झाले. राजाराम कोल्हापूरचा, विजेच्या कंपनीत इंजिनिअर होता. मुलगी एकच, रुचा. ती मिनेसोटाच्या एका पार्कमध्ये रेंजर आहे आणि म्हणते की अस्वलं परवडली, टूरिस्ट नकोत.

घरातला पैसा हा राजारामचा प्रांत. मी दिवसभर मिलिग्रॅम मोजायची, घरी येऊन डॉलर मोजायचा कंटाळा यायचा, असं मी लोकांना सांगते. खरं कारण असं की त्याला मोठेपणा हवा असायचा आणि मला शांतता. दोघांचंही भागत होतं.

त्याच्या मोठेपणाची जागा म्हणजे डेव्हनवरच्या एका मिठाईच्या दुकानातलं मागचं टेबल. दर शनिवारी सकाळी अकराला सहा निवृत्त गृहस्थ तिथे जमायचे, कचोरी खायचे आणि जगाची अर्थव्यवस्था सावरायचे. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'वेल्थ अँड वडा'. ग्रुपचे अध्यक्ष अरुणभाऊजी, मूळचे नागपूरचे, राजारामचे पस्तीस वर्षांचे मित्र. त्यांना निवडून कुणी दिलं नव्हतं. ते सगळ्यात मोठ्याने बोलायचे म्हणून अध्यक्ष.

२०२२ साली बाजार पडला तेव्हा राजारामची झोप उडाली होती. पुढच्या वर्षी अरुणभाऊजींनी त्याला बफर फंडाचा मंत्र दिला. घरी येऊन त्याने मला तो समजावला. "नीला, वर्षभरात बाजार पडला तर पहिली पंधरा टक्के पडझड आपल्याला लागत नाही. चढला तर मात्र एका मर्यादेच्या वरचं आपण सोडून द्यायचं. गादी घालून उडी मारायची."

"मग मर्यादेच्या वरचं कोण नेतं?" मी विचारलं.

"ते टेक्निकल आहे," तो म्हणाला.

त्याने असे बारा फंड घेतले, दर महिन्याला सुरू होणारा एकेक. जानेवारीचा, फेब्रुवारीचा, करत करत डिसेंबरचा. याला तो 'डायव्हर्सिफिकेशन' म्हणायचा आणि तो शब्द उच्चारून झाला की थोडा थांबायचा, जसे लोक देवळात घंटा वाजवल्यावर थांबतात. आपण पाचशे कंपन्यांचे मालक आहोत असंही त्याने मला सांगितलं होतं. तेव्हापासून दुकानात शेल्फवरून शांपूची बाटली पडली तर हा ती उचलून, पुसून, लेबल समोर करून ठेवायचा. "आपली कंपनी आहे," म्हणायचा. मला वाटायचं, आपलीच आहे तर फुकट का देत नाहीत.

तेराव्याच्या जेवणाला अरुणभाऊजी आणि त्यांच्या पत्नी सीमा आल्या होत्या. श्रीखंड वाढून घेता घेता भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, राजाने सगळं एकदम व्यवस्थित लावून ठेवलंय. बारा फंड आहेत. तुम्ही फक्त एक करा, काही करू नका. हात लावू नका."

"आत काय आहे?" मी विचारलं.

"कशाच्या?"

"फंडांच्या."

"पाचशे कंपन्या."

"बाराही फंडांत त्याच पाचशे?"

भाऊजींचा चमचा मध्येच थांबला. "त्याच म्हणजे... हो. पण महिने वेगळे आहेत ना, वहिनी."

पाहुणे गेले, भांडी झाली, रुचा मिनेसोटाला परतली, पण ते उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही. फार्मसीत एकदा एक आजोबा तीन बाटल्या घेऊन आले होते. तीन डॉक्टरांनी दिलेल्या, तीन नावांच्या, तीन रंगांच्या गोळ्या. तिन्हींत औषध एकच. ते म्हणाले, तीन-तीन घेतोय म्हणजे लवकर उतार पडेल. मी डॉक्टरांना फोन लावेपर्यंत त्यांना खुर्चीवरून उठू दिलं नव्हतं. तेव्हापासून कुणी 'माझ्याकडे बारा आहेत' म्हटलं की मला आधी लेबल बघावंसं वाटतं.

खातं माझ्या नावावर व्हायला जानेवारी उजाडला. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि शेजाऱ्याने त्याच्या गाडीची साफ केलेली जागा अडवायला रस्त्यावर दोन खुर्च्या आणि एक इस्त्रीचं टेबल मांडलं होतं. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि रुचाला स्पीकरवर घेतलं. जुलैच्या फंडाच्या वेबसाइटवर गेले. तिथे 'होल्डिंग्ज' असा टॅब होता, म्हणजे फंडाच्या पोटात काय काय आहे त्याची यादी.

मला वाटलं होतं पाचशे नावं येतील. आल्या पाच ओळी.

"पेज लोड नाही झालं बहुतेक," मी म्हटलं.

"आई, रिफ्रेश कर."

मी केलं. पुन्हा पाच ओळी. एकीवर थोडी रोकड. बाकी चार ओळींवर कंपनीचं नाव नव्हतंच. होते ते करार. त्या पाचशे कंपन्यांच्या बाजाराच्या मागे चालणारा एक दुसराच फंड आहे, त्याच्या भावावर केलेले करार. ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने घ्यायचा किंवा द्यायचा. यांना ऑप्शन म्हणतात. चारही करारांची तारीख एकच होती, जूनची अखेर.

प्रत्येक ओळीपुढे टक्केवारी होती. पहिल्या ओळीला जवळजवळ शंभर. दुसरीला दोन-तीन टक्के. तिसरीपुढे वजाचं चिन्ह. चौथीपुढेही.

"रुचा, यात दोन घटक वजा आहेत."

"व्हॉट डू यू मीन, वजा?"

"मायनस. औषधात कधी कुठला घटक उणे पाच टक्के असतो का? इथे आहे."

"मेबी दे सोल्ड समथिंग," रुचा म्हणाली.

पोरगी अस्वलांत राहते पण डोकं शाबूत आहे. तेच होतं ते. मला समजायला पुढचे चार दिवस लागले, पण समजल्यावर इतकं सोपं वाटलं की राग आला. पहिल्या कराराने फंड बाजाराबरोबर वर-खाली होतो. दुसरा करार विमा आहे: बाजार सुरुवातीच्या भावाखाली गेला तर भरपाई. तिसरा करार फंडाने विकलेला: बाजार पंधरा टक्क्यांहून जास्त पडला तर विमा संपला, तिथून पुढचं आपलं आपण बघायचं. आणि चौथाही विकलेला: एका मर्यादेच्या वर बाजार चढला तर तो वरचा मलिदा दुसऱ्या कुणाला देऊन टाकायचा. हे दोन विकून आलेल्या पैशांत विमा घेतलेला. मर्यादेच्या वरचं कोण नेतं, याचं उत्तर ते होतं. त्यात टेक्निकल काही नव्हतं, राजारामला माहीत नव्हतं इतकंच.

मग मी उरलेले अकरा फंड उघडले. जानेवारी, चार करार आणि चिल्लर. फेब्रुवारी, चार करार आणि चिल्लर. असं करत डिसेंबरपर्यंत. किराणा दुकानातून फुकट मिळालेल्या कॅलेंडरच्या मागे मी सगळं लिहून काढलं. अठ्ठेचाळीस ओळी आणि त्या सगळ्या एकाच गोष्टीवर. आमच्याकडे पाचशे कंपन्यांतल्या एकीचाही एकसुद्धा शेअर नव्हता. शांपूची ती बाटली कुणाची होती देव जाणे, आमची नव्हती. डिव्हिडंड कधी का आला नाही हेही कळलं. राजाराम सांगायचा की तो परत गुंतवला जातो. कराराला कुठला आलाय डिव्हिडंड.

तारखा वेगवेगळ्या होत्या हे खरं. बाराही एकाच दिवशी एकाच भावाला सुरू झालेले नव्हते, आणि त्याचा थोडा उपयोग असतो. पण बाजार आजारी पडला तर बाराही अंथरूण धरणार, कुणी थोडं आधी, कुणी थोडं नंतर. अरुणभाऊजी म्हणाले होते ते अगदी बरोबर होतं. महिने वेगळे होते. बाकी काहीच वेगळं नव्हतं.

मी फंडाच्या हेल्पलाइनला फोन केला. एका गोड आवाजाच्या मुलाला विचारलं, तुमचा हा फंड डायव्हर्सिफाइड आहे का. त्याने तीन मिनिटं होल्डवर ठेवून सांगितलं की माहितीपत्रक बघा. मी विचारलं, तुम्ही बघितलंय का. तो म्हणाला, मॅडम, आय ॲम न्यू हिअर. प्रामाणिक होता बिचारा.

माहितीपत्रक घरातच सापडलं, राजारामच्या टेबलाच्या खालच्या खणात, छापून, पंच मारून, फाइलला लावलेलं. चौऱ्याऐंशी पानं. माझा नवरा एवढं वाचायचा याचा मला क्षणभर अभिमान वाटला. मग मी पानं उलटली. पिवळ्या हायलायटरच्या रेघा पहिल्या पानावर भरपूर होत्या. दुसऱ्यावर कमी. तिसऱ्यावर एक, तीही अर्धी. पुढची एक्याऐंशी पानं कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली.

तिसऱ्या पानावर त्या अर्ध्या रेघेशेजारी, समासात, त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'नीलाला विचारणे.' आणि त्यावर काट मारलेली होती.

मी याच घरात होते. तेहतीस वर्षं. त्या टेबलापासून स्वयंपाकघर अकरा पावलांवर आहे. दवाखान्यात मला कधी रडू आलं नाही, अंत्यसंस्काराला आलं नाही, त्या समासावर आलं. रडता रडता शिव्याही दिल्या, कोल्हापुरी, त्याच्याकडूनच शिकलेल्या. त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. टोस्ट खाल्ला आणि चौथ्या पानापासून वाचायला लागले.

एकोणिसाव्या पानावर एक वाक्य होतं. हा फंड कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'नॉन-डायव्हर्सिफाइड' आहे. सरळ लिहिलेलं होतं, जोखमींच्या यादीत, कुणीही वाचावं असं. तिथपर्यंत कुणी पोचलं नव्हतं एवढंच.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी ती फाइल घेऊन मिठाईच्या दुकानात गेले. सहातले आता पाच उरले होते. सगळे उठून उभे राहिले. एकाने खुर्ची दिली, एकाने कचोरी मागवली, आणि पाचही जणांनी चेहऱ्यावर जे दुःख आणलं ते मी बसेपर्यंत टिकलं.

"वहिनी, अगदी वेळेवर आलात," अरुणभाऊजी म्हणाले. "मी कालच सीमाचं रिटायरमेंट अकाउंट सगळं जुलैच्या बफरमध्ये टाकलं. मार्केट खूप वर गेलंय, कधीही पडेल. आता पंधरा टक्के प्रोटेक्शन. टेन्शन खतम."

"जुलैच्या? आत्ता फेब्रुवारीत?"

"मग काय झालं?"

"भाऊजी, त्याचं वर्ष जुलैला सुरू झालंय. गादी जुलैच्या भावाखाली घातलेली आहे. तुम्ही आज त्याच्यापेक्षा बरंच वरून उडी मारताय."

मी फाइल उघडली. भाऊजींनी ती हळूच बंद केली, अगदी प्रेमाने. "वहिनी, हे औषधांसारखं नसतं. यात खूप बारकावे असतात." मग ते टेबलाकडे वळून दुसऱ्या विषयावर बोलायला लागले. मी कचोरी संपवली. ती चांगली होती, त्यामुळे अपमान पूर्ण झाला नाही. बाहेर आले तर गाडीच्या काचेवर पार्किंगचं तिकीट लावलेलं होतं.

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं. मध्येच घाबरून काही विकायचं नाही. ज्या फंडाचं वर्ष ज्या दिवशी पुरं होईल त्या दिवशी त्याचा हिशोब स्वच्छ असतो, तेव्हा त्यातून बाहेर पडायचं. फेब्रुवारीअखेर एक मोकळा झाला, मार्चअखेर दुसरा. एकाचे पैसे मी सरकारी रोख्यांत ठेवले. दुसऱ्याचे अशा एका फंडात टाकले ज्याची होल्डिंग्ज उघडली की खरोखर नावं येतात, हजारो, जपानची, ब्राझीलची, डेन्मार्कची. मी त्यातली दोनशेएक वाचली. रुचा म्हणाली, आई, नोबडी डझ दॅट. मी म्हटलं, तुझ्या बापाने केलं असतं तर मला करावं लागलं नसतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाजार कोसळला. माझे उरलेले दहा फंड एकाच सकाळी लाल झाले, शाळेतल्या मुलांनी ठरवून आजारी पडावं तसे. भीती मलाही वाटली, खोटं कशाला सांगू. पण करार कुठल्या तारखेचे आहेत हे मला पाठ होतं, म्हणून मी लॅपटॉप मिटून कपडे धुवायला टाकले.

मंगळवारी दुपारी बेल वाजली. दारात अरुणभाऊजी, दाढी वाढलेली, कोटाची बटणं वरखाली लागलेली. ते आत येऊन थेट स्वयंपाकघरात बसले.

"वहिनी, फ्रॉड झालाय. फंड तेरा डॉलर खाली आहे. पंधरा टक्क्यांपर्यंत प्रोटेक्शन म्हणाले होते ना? मग एक पैसासुद्धा कमी व्हायला नको होता."

"कुणी म्हणालं होतं?"

मी चहा ठेवला आणि कॅलेंडरचा एक कागद उलटा करून त्यांच्यासमोर टाकला.

"समजा जुलैत फंड शंभराला सुरू झाला, बाजारही शंभरच धरा. तुम्ही फेब्रुवारीत केवढ्याला घेतलात?"

"एकशे नऊ."

"वरची मर्यादा एकशे तेरा. म्हणजे तुम्हाला कमवायला उरले होते चार. गादी शंभरला सुरू होते आणि पंच्याऐंशीला संपते. एकशे नऊपासून शंभरापर्यंत खाली काय आहे?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "काही नाही."

"ते नऊ आधीच्या लोकांनी कमावलेले होते. तुम्ही ते विकत घेतलेत आणि तेच आधी गेले."

"पण आज भाव शहाण्णव आहे. शंभरला तरी थांबायला हवा ना?"

"गादीचा हिशोब शेवटच्या दिवशी होतो, तीस जूनला. आत शेअर नाहीत, चार करार आहेत. मधल्या कुठल्याही दिवशी त्या करारांना बाजारात जो भाव मिळेल तो तुमच्या फंडाचा भाव."

"मग आता काय करू?"

"थांबलात आणि तीस जूनला बाजार पंच्याऐंशीच्या वर असला, तर फी जाऊन साधारण शंभर तरी हातात येतील. चढला तर जास्त, एकशे तेरापर्यंत. पंच्याऐंशीच्या खाली गेला तर त्याखालचं नुकसान तुमचं. आणि तो कुठे जाईल हे मला माहीत नाही. मी लेबल वाचते, पत्रिका नाही."

भाऊजींनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "सीमाला अजून सांगितलेलं नाही."

"पैसे तिचे आहेत ना?"

"हो." मग खाली मान घालून ते म्हणाले, "वहिनी, एक बोलू का? राजाला तेव्हा पहिल्यांदा घेताना शंका आली होती. तो म्हणाला, एकदा नीलाला वाचायला देतो, ती बारीक अक्षर बरोबर वाचते. मी म्हटलं, वहिनींना कशाला त्रास, बायकांना यातलं काय कळणार. मग त्याने नाही विचारलं."

चहा उकळून वर आला होता. मी गॅस बंद केला. काट कुणामुळे पडली होती हे मला तीन महिने माहीत नव्हतं, आणि आता कळल्यावर काय करायचं तेही कळेना. ओरडावं असं वाटलं. पण समोर एक सत्तरीचा माणूस चुकीच्या बटणांचा कोट घालून बसला होता. आणि पेन शेवटी राजारामच्याच हातात होतं. भाऊजींनी काही त्याचा हात धरून रेघ ओढली नव्हती. मी त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा. ते तीन चमचे घेतात. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने सगळा प्यायला.

"आता घरी जा आणि आधी सीमाला सांगा," मी म्हटलं. "मग दोघांनी मिळून ठरवा."

ते घरी गेले, पण वाटेत गाडी बाजूला लावून फोनवर अर्धे युनिट शहाण्णवला विकले. धीर धरवला नाही. दुसऱ्याच दिवशी बाजाराने अशी उसळी घेतली की टीव्हीवरचे लोकही गोंधळले. उरलेलं अर्धं सीमाने विकू दिलं नाही. तिला मंगळवारी संध्याकाळीच सगळं कळलं होतं आणि तिने फोन भाऊजींच्या हातातून काढून घेतला होता. तीस जूनला ते अर्धं मर्यादेला जाऊन टेकलं. म्हणजे अर्ध्यावर शंभरामागे बाराचा फटका आणि अर्ध्यावर, फी जाऊन, तीनचा फायदा. सीमाने खात्याचा पासवर्ड बदलला आणि नवा पासवर्ड काय आहे ते भाऊजींना आजतागायत सांगितलेलं नाही.

यात माझी हुशारी नव्हती. बाजार खालीच राहिला असता तर भाऊजी शहाणे ठरले असते आणि मी शनिवारच्या टेबलावरचा विनोद. मला फक्त एवढं माहीत होतं की पोटात काय आहे आणि ते कधी पिकणार आहे.

मीही महिन्यामागून महिना एकेक फंड मोकळा करत गेले. तीन तसेच ठेवलेत, कारण गादी वाईट नव्हती. एकच गादी बारा वेळा विकत घेऊन तिला बारा घरं म्हणणं वाईट होतं. मे महिन्यात अरुणभाऊजींनी ग्रुपवर मला ॲड केलं. मी आठवडाभर त्यांचे मेसेज वाचले आणि ग्रुप म्यूट केला. शनिवारी मात्र जाते. माझ्यासमोर आता कुणी फाइल बंद करत नाही. कचोरीचे पैसेही मला देऊ देत नाहीत, ते मात्र मी त्यांना देऊ देते.

ऑक्टोबरात राजारामचं वर्षश्राद्ध झालं. रुचा चार दिवसांची सुट्टी काढून आली होती. गुरुजी उपनगरातून स्वतःची व्हॅन चालवत आले, तासाभरात सगळे विधी उरकले, मी बाहेर पान ठेवलं. शिकागोत कावळे आहेत, पण त्यांना आपली जबाबदारी माहीत नाही. शेवटी ते पान खारीने नेलं. गुरुजी म्हणाले, चालतं. रुचा म्हणाली, बाबा वुड हेट दॅट, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की गुरुजींना मंत्र मध्येच थांबवावा लागला.

जेवणं झाली. मी दक्षिणेचं पाकीट दिलं. गुरुजींनी ते कपाळाला लावून ठेवून दिलं, पण उठले नाहीत. जरा घुटमळून त्यांनी उपरण्याखालून फोन काढला.

"काकू, तुम्ही लोकांना फंडांच्या आतलं बघून देता असं ऐकलं. माझं एक जरा बघता का? सगळी बचत त्यातच आहे."

मी चष्मा लावला. खातं उघडलं. आत फंड नव्हताच. एकाच कंपनीचे शेअर होते, मी कधी नाव न ऐकलेल्या, ड्रोनने पिझ्झा पोचवणार असं म्हणणाऱ्या. भाव घेतल्यापासून निम्म्याहून खाली.

"हे कुणाच्या सांगण्यावरून घेतलंत?"

"एका यजमानांनी सांगितलं. वास्तुशांतीला. पाकीट न देता म्हणाले, गुरुजी, पाकिटापेक्षा हे मोठं आहे."

रुचाने माझ्याकडे पाहिलं. मी फोन गुरुजींना परत दिला आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

"त्यांच्याकडे पुन्हा कधी पूजा आहे?"

"दिवाळीत. लक्ष्मीपूजन."

"मग त्या वेळी," मी म्हटलं, "दक्षिणा रोख मागा. आणि हे असंच ठेवायचं की नाही, ते आता आपण बघू. कंपनीचे काही कागद आहेत का तुमच्याकडे?"

गुरुजींनी पिशवीत हात घातला.